रूया म्हंजे सपान

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, दुआ मागताना अल्लालाबी उघड न्हाई. तुमालाच कावून सांगतोय — खुदा जाणे.

आमी वडवणीचे पिंजारी. घरात मराठी, बाजारापुरती दखनी. मी तेवढा मदरशात चार बुकं शिकलेलो, म्हणून गाव मला मुन्शी म्हणायचं. मला ते लई आवडायचं — तिथंच माती खाल्ली.

निजामाचं राज्य होतं. हैद्राबादहून नवे मौलवीसाहेब आले. मला लेकासारखं जवळ केलं, फारसी शिकवली. त्यांना मराठी येत नव्हती. जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाला, मशिदीत ते उर्दूत बोलायचे, मी लोकांना मराठीत सांगायचो. तेव्हा शहरात वाद पेटलेला — मेराजच्या राती पैगंबरसाहेब आस्मानात गेले, ते देहानं का नुसत्या रूहानं? आमच्या गावाला असला वाद म्हंजे शिकलेल्यांचं खूळ; गेले ते देहानंच, ह्यात कुणाला शंका न्हाई.

मेराजच्या आधीच्या जुम्म्याला मौलवीसाहेब म्हणाले, कुराणात ह्याला 'रूया' म्हटलंय. पुढं जड उर्दूत बरंच काही. मला कळलं न्हाई. मग विचारायचं ना? पण मुन्शीनं सगळ्यांदेखत विचारायचं कसं! रूया म्हंजे सपान, एवढं ठाऊक होतं. म्हटलं, "मौलवीसाहेब म्हणत्यात, ते सपान होतं."

लोक उठलेच. एक म्हातारे चाचा म्हणाले, "म्हंजे पैगंबरसाहेब गेलेच न्हाईत?" मौलवीसाहेब गोंधळून माझ्याकडं वळले. "तुमने क्या कहा?"

"जो आपने कहा."

खाली बघून बोललो. चटईकडं. काय गरज होती? चुकलो म्हटलं असतं, तर लोक हसले असते. एवढंच.

आठवड्याच्या आत गावानं त्यांना घालवलं. त्यांची बायको पोटुशी होती. अन् मी — निर्लज्ज — त्यांचं सामान बैलगाडीत चढवू लागलो. तोवर त्यांना कुणीतरी माझे शब्द दखनीत सांगितले होते. हळूच म्हणाले, "रूया आँखों का देखना भी होता है, बेटा. मैंने वही कहा था. पूछ लेते." म्हंजे गावाचं तेच त्यांचंबी म्हणणं होतं — देहानं, उघड्या डोळ्यांनी.

माझं नाव त्यांनी कुणापुढं घेतलं न्हाई. माणसं दहा पावलांवर उभी होती. मी दोर आवळत राहिलो.

गाव अजून त्यांना सपानवाले मौलवी म्हणतं. पोरं मला विचारतात — चाचा, तुमी तर तिथंच होता, खरंच म्हणालते का ते तसं?

काल पुन्हा एकानं विचारलं. मी हो म्हणालो.