कासवलोकांचा देव
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पहिलं पाणी पडून वास सुटला, आणि अकोल्याच्या जुन्या शहरातली आमची भाड्याची खोली आठवली. शिकायला एकत्र राहणारे आम्ही चौघं तिथं भर उन्हाळी दुपारी फासे टाकून एका कल्पित जगाचा खेळ खेळायचो. त्या जगात पक्षीलोक होते, दगडलोक होते, कासवलोक होते, पण त्यांना देव नव्हते, म्हणून देव रचायला मी बाकीच्या तिघांना एकेक जमात वाटून दिली. पक्ष्यांना वावटळीचा देव मिळाला, दगडांना एक भुकेला देव. कासवं ज्याच्या वाट्याला आली, तो मात्र कोरा कागद घेऊन बसला. "आमच्या घरी देवच नाई, मी कुठून आनू? अन् कासवायले देव पायजेच काहून?" मी चिडलो. देवाला हाक मारली तरच जखम भरते, असा खेळाचा नियमच होता. "मंग त्यायची जखम कशी भरन बे?" मी विचारलं. त्यानं घाम पुसला आणि सावकाश लिहिलं, 'दुसरं कासव शेजारी येऊन बसलं, की भरते.' आम्ही पोट धरून हसलो. त्या उन्हाळ्यात खेळातले पक्षी मेले, दगड मेले, कासवं तेवढी उरली. तो कासववाला आता परदेशात असतो. मी चार दिवस तापानं पडून आहे हे ऐकून काल त्याचा फोन आला. औषधं झाली, डॉक्टर झाले, बोलायचं सगळं संपलं, तेव्हा मी म्हणालो, "ठेवू नको बे, चालू राहू दे."