इन्सुलिनच्या जागी ठेवलेली कुपी

ग्रुपमधल्या आयांनो, आज फ्रिजच्या दारात, जिथे ह्यांचं इन्सुलिन असायचं, तिथे मला इंजेक्शनची एक अनोळखी कुपी सापडली. मुलगा म्हणाला, "पेप्टाइड आहे. जिमच्या कोचनं दिलंय."

मी ती घेऊन थेट येलहंक्यातली जिम गाठली.

"अक्का, हे हार्मोन नाही," कानडी कोच हसला. "यानं शरीर स्वतःचंच ग्रोथ हार्मोन जास्त सोडतं. स्वल्प, थोडं वाचा तरी."

"वाचलंय. त्यानं साखर वाढू शकते. मुलाचे वडील मधुमेहानं गेले. आणि कुपीवर छापलंय, फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. मग माझा मुलगा कोण, उंदीर?"

"सगळेच घेतात, अक्का."

मी कुपी त्याच्यासमोर बेसिनमध्ये ओतली. मुलगा तेव्हापासून अबोला धरून बसलाय. बसू दे. तुमच्या मुलांना सुया देणाऱ्यानं घरात कुणाला काय आजार होता, हे कधी विचारलंय?