मागे घेतलेलं विधेयक

निसीम आपटेकर करंजाड्यात आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. बेने इस्रायली ज्यू, वय सत्तरीकडे झुकलेलं. आयुष्यभर त्यांनी आमदारांसाठी लिहिलं. तीन आमदार झाले, पक्ष बदलले, लिहिणारे हेच राहिले. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, भाषणं. सभागृहात बोललं जाणारं काही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लिहिलेलं असतं, हे मला त्यांची ओळख होईपर्यंत ठाऊक नव्हतं. मी मराठीत एम.ए. केलंय. वाक्य अडलं की ते मला खाली बोलावत. "प्राची, वाचून बघ. जनीबाईंना कळेल का?"

जनीबाई गव्हाणच्या. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलं. मिठागर प्रकल्पात गेलं तेव्हा मालकाला मोबदला मिळाला, भूखंड मिळाला. राबणाऱ्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून ते प्रकल्पग्रस्त ठरले नाहीत. निसीमकाकांनी पुनर्वसनाच्या कायद्यात एकच दुरुस्ती करणारं विधेयक लिहिलं. प्रकल्पग्रस्तांच्या व्याख्येत मिठागरातले कामगारही यावेत, एवढंच. आमदार दीनानाथशेठ ते मांडणार होते.

जनीबाई मांदेली घेऊन आल्या. "सोडे नाय आनले. कोलबी तुमच्या धर्मात चालत नाय ना."

काका त्यांना समजावू लागले. मंत्री आणतो ते सरकारी विधेयक. साधा आमदार आणतो ते अशासकीय. त्याला शुक्रवारचे शेवटचे तास, तेही सोडतीत नंबर लागला तर. आधी मांडायचं. मग चर्चा. मग एकेक कलम, मग मतदान. मग विधान परिषदेत हेच पुन्हा. मग राज्यपालांची सही.

"बया!" जनीबाई म्हणाल्या. "आमच्या मिठागरात एक बांध फुटला का दर्या आत. तुमच्यात आत शिरायला किती बांध!"

"त्यातच केस गेले माझे," काका म्हणाले.

"केस लग्नातच नव्हते," स्वयंपाकघरातून मझलकाकूंचा आवाज आला.

सोडतीत नंबर लागला.

काकांचा एक नियम होता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी. काकू शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे दिवे लावत, काका फोन बंद करत. तो शनिवारी तारे दिसल्यावर सुरू होई. शुक्रवारच्या विधेयकांची तयारी ते करून देत आणि निघत. त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. कारण शेवट ठरलेला असे. मंत्री आश्वासन देणार, आमदार विधेयक मागे घेणार. मागे घेण्याचा परिच्छेद काका भाषणाच्या शेवटी लिहूनच ठेवत.

या वेळी त्यांनी तो लिहिला नाही.

"मतदान मागा शेठ. पडलं तर पडू दे. कोण हो म्हणालं, कोण नाही, ते तरी लोकांना दिसेल."

"हो रे निसीम. तू जा. मझल वाट बघत असेल."

त्या शुक्रवारी पास काढून मी विधानसभेत प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते. लक्षवेधी लांबल्या. काका समोरच्या गॅलरीत घड्याळाकडे बघत होते. सूर्य कलला तसे ते उठले, घरी निघाले.

दीनानाथशेठ चांगलं बोलले. मंत्री उत्तराला उभे राहिले. विषय गंभीर आहे, सरकार सकारात्मक आहे, आम्हीच सर्वंकष विधेयक आणू, सन्माननीय सदस्यांनी हे मागे घ्यावं. शेठनी वर पाहिलं. चिठ्ठी लिहून शिपायाकडे दिली. शिपाई वर आला, काकांच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबला, परत गेला.

शेठ उभे राहिले. हातात कागद नव्हता.

"माननीय मंत्र्यांचं आश्वासन लक्षात घेऊन, सभागृहाच्या अनुमतीनं, मी माझं विधेयक मागे घेतो."

एक शब्द चुकला नाही. तो परिच्छेद त्यांना पाठ झाला होता.

"अनुमती आहे काय?"

दोन-चार आवाज आले. "होय."

पुढचं विधेयक पुकारलं गेलं. मी बसूनच राहिले. कुणी ओरडलं नाही, कुणी विरोध केला नाही.

शनिवारी सकाळी मी सिनेगॉगच्या फाटकाशी उभी राहिले. काका बाहेर आले. मी सांगितलं.

"शेठ चुकले नाहीत," ते म्हणाले. "मीच शिकवलंय त्यांना ते."

दुसऱ्या दिवशी जनीबाई आल्या. "सरकारच आननार म्हंतात. बरंच झालं की!" काकांना त्यांचं हसू मोडवेना.

सरकारचं विधेयक आलं नाही. पुढच्या अधिवेशनात काकांनी शेठना पुन्हा तेच विधेयक मांडायला लावलं. सोडतीत नंबर खालचा आला. त्या शुक्रवारी काका गॅलरीतून हलले नाहीत. करंजाड्यात काकूंनी एकट्यानं दिवे लावले. सभागृहात वेळ संपली, विधेयकापर्यंत कामकाज पोचलंच नाही. काका अंधार पडल्यावर घरी आले. काकूंनी ताट वाढलं.

मग विधानसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. नव्या सभागृहात सगळं पहिल्यापासून. दीनानाथशेठ निवडून आले नाहीत. नव्या आमदारांचं लिहिणारं माणूस वेगळं आहे.

हे सांगायला काका स्वतः गव्हाणला गेले. मी बरोबर होते. जनीबाईंनी ओट्यावर बसून सगळं ऐकलं.

"पयल्या टायमाला तुमी घरी गेले व्हते?"

"हो."

"दिवा लावाला?"

"हो."

"लावाला पायजे." त्या पदर सावरत उठल्या. "पन काका, एक दिस..."

त्या पाणी आणायला आत गेल्या.

दुसऱ्या वेळी आपण थांबलो होतो, हे काकांनी त्यांना सांगितलं नाही. मी ते सांगायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.