पहिलं वजन

काटेताईंच्या लेखी माणसं दोन प्रकारची होती: काटा भिंतीपासून चार बोटं दूर ठेवणारी आणि काटा भिंतीला टेकवणारी. भिंतीला टेकलेला काटा थोडा भार भिंतीवर ढकलतो आणि वजन कमी दाखवतो. एवढंही ज्याला कळत नाही त्याने दुकान कशाला उघडावं, असं त्या भर बाजारात, त्याच दुकानदाराच्या गिऱ्हाइकांसमोर, खणखणीत आवाजात विचारत. त्यामुळे त्यांना कामाला सगळे बोलवत आणि चहाला कोणी बोलवत नसे.

वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान वडलांचं. वडील गेल्यावर ताईंनी ते चालवलं आणि आता पन्नाशी उलटली तरी चालवत होत्या. दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. ताईंना वेळ मिळाला नाही आणि धाकट्याला कोणी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, त्याची डायलिसिसची वारी सुरू झाली. पोटात गेलेलं पाणी आता यंत्राशिवाय बाहेर निघत नव्हतं. म्हणून एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत वजन दोन किलोच्या वर वाढता कामा नये, असा वॉर्डातल्या सिस्टरचा हुकूम होता. धाकटा रोज घरच्या काट्यावर उभा राहायचा आणि काट्याने परवानगी दिली तेवढंच पाणी प्यायचा. काटा वडलांच्या वेळचा, लोखंडी, वर मोठी गोल तबकडी आणि लाल सुई. जगात दुसऱ्या कशावर धाकट्याचा एवढा विश्वास नव्हता.

ताईंची किडनी त्याला जुळत होती. तपासण्या झाल्या, सह्या झाल्या आणि मग डॉक्टरबाईंनी ताईंना वजनावर उभं केलं. चौऱ्याऐंशी. डॉक्टरबाईंनी कागदावर एक रेघ ओढली आणि तिच्याखाली पंचाहत्तर लिहिलं.

"या रेघेच्या खाली आलात की शस्त्रक्रियेची तारीख देते. वर असलात तर तुम्हाला भूल द्यायची जोखीम मी घेणार नाही. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी यायचं, वजन दाखवायचं."

ताईंना ही बाई आवडली. रेघेला रेघ म्हणणारी माणसं हल्ली कुठे भेटतात!

चार महिने ताईंनी जिभेला कुलूप लावलं. खायचा पाव ग्रॅम-ग्रॅम तोलला, लोणी डोळ्यांनी खाल्लं, बाजारात पायी जाऊन पायी आल्या. बाहेर खेकसायचं प्रमाण थोडं वाढलं, पण ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. काटा शहात्तर पूर्णांक एकवर आला. पहिल्या गुरुवाराला तीन आठवडे आणि दोन दिवस उरले होते. म्हणजे झालंच म्हणायचं. आणि झालंच म्हटलं की माणूस घसरतो.

त्यांच्या धंद्यात एक जुनी रीत होती. दुरुस्त झालेल्या काट्यावर जे पहिलं तोललं जाईल, ते दुरुस्त करणाऱ्याचं. वडलांनी अशा पहिल्या वजनावर दोन पोरं वाढवली होती: कधी तांदूळ, कधी साबण, एकदा तर जिवंत कोंबडी. ताई चार महिने बेकऱ्यांतून मिळालेलं पहिलं वजन शेजारच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला देत होत्या. पहारेकऱ्याच्या शर्टाची बटणं आता एकमेकांवर रुसली होती.

त्या मंगळवारी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा काटा दुरुस्त झाला. त्याने त्यावर क्रीम बनचा अख्खा ट्रे ठेवला. सोळा बन.

"अहो, एक ठेवा ना," ताई म्हणाल्या.

"एकाने काटा काय कळतो, ताई? रीत म्हणजे रीत."

ताई खोका घेऊन निघाल्या. पहारेकरी नेमका रजेवर होता. ताई बागेतल्या बाकावर बसल्या. खोक्याला झाकण होतं, पण वासाला नव्हतं. एक खाल्ला. एकाने काय होतंय? दुसरा खाल्ला तेव्हा मात्र काहीतरी झालं होतं. आणि आता आजचा दिवस बिघडलाच आहे तर निदान नीट बिघडू दे, असा विचार करून त्यांनी अकरापर्यंत मजल मारली. उरलेले पाच धाकट्यासाठी म्हणून घरी आणले. जिन्यात त्यांना आठवलं की धाकट्याला क्रीम मना आहे. भावाच्या तब्येतीशी खेळ नको म्हणून तेही त्यांनीच संपवले, जिन्यातच, उभ्याने.

सोळा बनांनी तसं फार बिघडलं नसतं. बिघडवलं ते पुढच्या तीन दिवसांनी. बुधवारी ताईंनी ठरवलं की मोडलंय ते मोडलंय, आता सोमवारपासून. आणि सोमवारपासून उपाशीच राहायचं आहे, तर तोवर चार घास सुखाने खाऊन घ्यावेत. त्या चार घासांत लोणी आलं, चीज आलं, तळलेले बटाटे आले आणि शुक्रवारी एक केक आला, ज्याला काट्याचं कसलंही निमित्त नव्हतं. तो सरळ विकत घेतलेला होता.

शनिवारी सकाळी त्या काट्यावर उभ्या राहिल्या. लाल सुई अठ्ठ्याहत्तर पूर्णांक नऊवर गेली आणि तिथेच थांबली.

दुसऱ्या कोणी असतं तर रडलं असतं, नाहीतर काटा पलंगाखाली ढकलला असता. ताई काटेवाल्या. काटा बिघडला असणार, हा त्यांना सुचलेला पहिला विचार. त्यांनी पाच किलोचं प्रमाण वजन ठेवून पाहिलं. पाच. दहाचं ठेवलं. दहा. वडलांचा काटा तसूभरही हलला नव्हता.

मग त्यांनी तबकडी उघडली.

भंगार विकत घेणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. सुई दोन किलो मागे ओढायची आणि ती शून्याच्या मागे गेलेली दिसू नये म्हणून शून्यापाशी बारीकसा खिळा ठोकायचा. रिकामा काटा साळसूदपणे शून्य दाखवतो आणि तुमचं भंगार दोन किलोने हलकं होतं. असले खिळे ताईंनी आयुष्यात किती उपटले होते आणि ते ठोकणाऱ्यांचा किती उद्धार केला होता, ते बाजाराला ठाऊक होतं. त्या सकाळी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकला. फक्त धीर यावा म्हणून. फक्त सोमवारपर्यंत. शहात्तर पूर्णांक नऊ हा आकडा पाहून त्यांना खरोखरच धीर आला, आणि त्या आनंदात त्यांनी कालचा उरलेला केक संपवला.

रविवारी धाकटा काट्यावर उभा राहिला. वजन जवळजवळ वाढलंच नव्हतं! त्याचे डोळे चमकले. दोन वर्षं तो घोटाघोटाने जगत होता. त्याने एक मोठा पेला गार पाणी प्यायलं. मग सूप प्यायलं. मग काट्यावर पाहिलं, अजून जागा होती. संध्याकाळी कलिंगड खाल्लं. ताई तेव्हा खाली दुकानात होत्या. आपण वर काय करून ठेवलंय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. काटा हा त्यांच्या मनात त्या दोन दिवसांपुरता फक्त त्यांचाच होता.

सोमवारी सकाळी जिन्याच्या पायऱ्या उतरताना धाकट्याला धाप लागली. तिसऱ्या पायरीवर तो खाली बसला. ओठ निळसर झाले होते. ताईंनी त्याला गाडीत घातलं आणि वॉर्डात नेलं. सिस्टरने आधी त्याला काट्यावर उभं केलं, मग आकडा पाहून कपाळाला हात लावला.

"चार किलो दोनशे! विहिरीत पडला होतात का? फुप्फुसात पाणी झालंय, कळतंय का तुम्हाला?"

"घरी दोनच दाखवत होतं, सिस्टर," धाकटा धापा टाकत म्हणाला. "आईशप्पथ. आमच्या ताईचा काटा आहे. तो खोटं बोलत नाही."

ताईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. मग वाटलं, एवढ्या वजनाला तीही नको म्हणेल.

यंत्र सुरू झालं. तासाभराने धाकट्याची धाप खाली बसली, ओठांवर रंग आला. ताई खाटेशेजारच्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू निघाला.

"खोटं बोलला रे तो काटा. मीच बोलायला लावलं."

त्यांनी सगळं सांगितलं. बाक, बन, जिना, केक, खिळा. धाकटा छताकडे बघत ऐकत होता.

"खिळा?" त्याने विचारलं. "भंगारवाल्याचा खिळा? तू?"

"हो."

"ज्या खिळ्यावरून तू त्या मिशीवाल्याला रस्त्यात रडवलं होतंस, तोच?"

"तोच. आता मार मला."

धाकट्याच्या पोटातून हसू असं उसळलं की यंत्र टूंटूं करून ओरडायला लागलं आणि सिस्टर धावत आली. ती गेल्यावर त्याने डोळे पुसले.

"मरता मरता वाचलो मी, ताई, आणि तेही सोळा बनांपायी. निदान एक तरी ठेवायचास."

"मी घेतलेच होते रे प्राण तुझे," ताई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "आणि गुरुवारही घालवला. तीन किलो चढलेत. आता काय होतंय?"

"तू गिऱ्हाइकांना काय सांगतेस? एकदा एक दुकानदार म्हणाला होता, काल काट्यावर जास्त भार पडला, आता टाकूनच देतो. तेव्हा तू काय ओरडली होतीस?"

आपण काय ओरडलो होतो, ते ताईंना चांगलं आठवत होतं. भार उतरव, सुई शून्यावर आण आणि पुढचं गिऱ्हाईक घे, शहाण्या.

"आणि शून्यावर आणायला सोमवार कशाला लागतो?" धाकटा म्हणाला. "आज सोमवारच आहे म्हणा. ते एक तुझं नशीब."

घरी गेल्या गेल्या धाकट्याने खुर्ची ओढली आणि काट्यासमोर ठाण मांडून बसला. ताईंनी त्याच्यादेखत खिळा उपटला, सुई लावली आणि उभ्या राहिल्या. एकोणऐंशी पूर्णांक दोन. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला. मग काट्यावरून उतरून रोजच्यासारखं तोलून जेवल्या. उपास नाही, शिक्षा नाही. धाकट्याने ती अटच घातली होती, कारण उपाशी ताईबरोबर एका घरात राहण्यापेक्षा डायलिसिस बरं, असं त्याचं मत होतं.

पुढच्या अडीच आठवड्यांत ताईंनी बेकऱ्यांची कामं मागे ठेवली आणि लोखंडाची, साबणाची, रंगाची दुकानं आधी घेतली. घरात अर्धा किलो बारीक लोखंडी चुका आणि कपडे धुवायचे सतरा साबण जमले. एकदा मात्र शेजारणीने नातवाच्या वाढदिवसाचा केक आणून दिला. ताईंनी एक तुकडा खाल्ला. चांगला लागला. मग त्यांनी ताटली धुतली, शेजारणीला परत दिली आणि दुपारचं जेवण नेहमीएवढंच जेवल्या. धाकटा दारातून बघत होता. त्याच्या मते त्या दिवशी ताईंनी अख्खं मैदान मारलं.

पहिला गुरुवार उजाडला. डॉक्टरबाईंची खोली त्याच वॉर्डाला लागून होती आणि वजन वॉर्डातल्याच काट्यावर व्हायचं. बाहेर बाकावर पाण्याची छोटी बाटली मांडीवर घेतलेले एक आजोबा आपल्या डायलिसिसच्या पाळीची वाट बघत होते. ताई चपला काढून काट्यावर उभ्या राहिल्या.

"चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ!" सिस्टर ओरडली. "जमवलंत हो!"

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. धाकटा छताकडे बघायला लागला. काहीतरी लपवायचं असलं की तो लहानपणापासून छताकडेच बघायचा. ताईंनी खाली पाहिलं. सकाळी फरशी पुसताना कोणीतरी काटा सरकवला होता. त्याची कड भिंतीला टेकली होती.

पेन कागदावर टेकायला आलं होतं. अजून एक क्षण गप्प बसलं असतं की झालं असतं. ताईंची नजर दारातून बाहेर गेली. ते आजोबा बाटलीचं झाकण उघडत होते, बंद करत होते. आता त्यांना याच काट्यावर उभं करणार होते आणि मग ते घरी जाऊन मोठा पेला भरून गार पाणी पिणार होते.

"थांबा," ताई म्हणाल्या. "काटा भिंतीला टेकलाय."

त्यांनी तो चार बोटं पुढे ओढला, त्याचे पाय समतल केले. "तू चढ," त्या धाकट्याला म्हणाल्या. "काल यंत्रावरून उतरलास तेव्हा साठ होतास. त्यानंतर किती प्यायलास?"

"अर्धा लिटर. खरंच अर्धाच."

काट्याने साठ पूर्णांक पाच दाखवलं. ताईंनी मान हलवली आणि स्वतः उभ्या राहिल्या. पंचाहत्तर पूर्णांक सहा.

डॉक्टरबाईंनी पेन बंद केलं, पुन्हा उघडलं, कागदावरच्या रेघेकडे पाहिलं आणि उसासा सोडला.

"पुढच्या महिन्यात या. आणि सिस्टर, तो काटा तिथून कोणीही हलवायचा नाही. खाली खूण करून ठेवा."

दोघं बाहेरच्या पॅसेजमध्ये आली.

"तुलाही दिसलं होतं," ताई म्हणाल्या.

"आत शिरतानाच."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू नाही पाहिलंस. आणि मनातून वाटत होतं, नकोच पाहूस." धाकटा थोडा थांबला. "मग वाटलं, हिने नाही पाहिलं तर ही माझी ताई नाहीच."

"एक महिना रे," ताई म्हणाल्या. "अजून बारा वेळा सुया टोचून घ्यायच्यास तू. माझ्या सहाशे ग्रॅमसाठी."

लिफ्ट आली. धाकट्याने दार धरून ठेवलं.

"ताई, दुरुस्त काट्यावर पहिला कोण चढला?"

"तू."

"मग रीतीप्रमाणे मी कोणाचा?"

ताईंनी डोळे पुसले. त्यांना एकदम ती जिवंत कोंबडी आठवली आणि रडता रडता हसू फुटलं.

"माझाच मेल्या."

"मग ने घरी. चल, बस आत."

"तू जा लिफ्टने," ताई म्हणाल्या आणि चपलांचे पट्टे घट्ट केले. "मी जिन्याने येते."

धाकट्याने लिफ्टचं दार सोडलं आणि कठडा धरून, कुरकुरत, ताईंच्या मागोमाग जिना उतरायला लागला.