शेजाऱ्यांची ताटं आणि वाळलेला वेल

नाताळ तोंडावर आला होता आणि आमच्या घरात अख्ख्या आळीची ताटं अडकून पडली होती... पोलादपूरची गोष्ट, साठ सालानंतरची. मी तेव्हा तिसरीत होते.

आता ताटं अडकतात कशी, ते सांगते. आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. दिवाळीला घराघरातून फराळाची ताटं यायची, आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही ही सगळ्यांचीच रीत.

आई म्हणायची, आपली दिवाळी नाताळात. मग ती ताटं घासूनपुसून फळीवर उभी करायची आणि नाताळच्या सकाळी लाडू-चिवडा भरून घरोघरी पाठवायची. तोवर आळीतल्या बायका हसायच्या, "आमची ताटं मिशनात गेलीत!"

त्या वर्षी मात्र गंमत राहिली नाही. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि ऐन पावसाळ्यात तो दवाखानाच बंद झाला. बाबा कामाच्या शोधात मुंबईला गेले, हात हलवत परत आले... पुन्हा गेले.

घरात तेल नाही, साखर नाही. दोन्ही वेळा पेज. आई रोज आम्हाला प्रार्थनेला बसवायची आणि शेवटी म्हणायची, "प्रभू सोय करील."

माझा धाकटा भाऊ दाविद डोळे मिटलेलेच ठेवून विचारायचा, "कधी?" आई म्हणायची, "त्याला घाई नाही. तुलाच आहे!"

पण फळीवरच्या ताटांकडे बघायचं ती टाळायची. पेज चालेल, फाटलेलं, दंड घालून सांधलेलं लुगडं चालेल... पण लोकांची ताटं रिकामी परत करायची? तिला ते मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नाताळ दोन दिवसांवर आला, आणि शेजारची सोनूकाकी दारात उभी. तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ बाई. "गो कंपांडरीन, माजं ताट दे. मुंबैवरना पावनं येनार हायत."

आईने ताट काढलं. पदराने पुसलं... परत पुसलं... आणि एकदम रडायलाच लागली. दवाखाना बंद झाला तेव्हा ती रडली नव्हती, बाबा गेले तेव्हाही नाही. "काकी, ताटात घालायला घरात काही म्हणता काही नाही हो..."

सोनूकाकीने पुढे केलेला हात मागे घेतला. तेवढ्यात दाविद चुलीला जळण म्हणून वाळक्या वेलाचा भारा कवटाळून आत आला. आईनेच त्याला धाडलं होतं.

"ह्यो वेल कुटला रे?" काकीने विचारलं.

"कुंपणावरचा. मेलाय तो."

"मेलाय?" काकीने कपाळावर हात मारून घेतला आणि आईकडे वळली. "आगो येडे, करांद्याचा वेल हाय तो! वेल वाळला म्हंजे खाली करांदा पोसला. हिरवा असता तर काय सुदीक गावला नसता!"

करांदा म्हणजे जमिनीखालचा कंद. उकडायचा, सोलायचा, मीठ लावून खायचा. पण आई पडली नगरकडची, तिला कुठलं हे माहीत असायला? कुंपणावर आपोआप उगवलेला वेल, वाळला म्हणजे मेला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काकीने पदर खोचला, कुदळ मागितली आणि लागली खणायला. थोडी माती निघाली, आणि दाविदच्या डोक्याएवढा एक करांदा वर आला. मग आणखी... मग आणखी.

आई तिथेच मातीत फतकल मारून बसली. हसत होती आणि डोळेही पुसत होती. "वेल वाळला तेव्हा पोसला... वेल वाळला तेव्हा पोसला..." एवढंच स्वतःशी म्हणत होती.

काकी वैतागली. "त्यात रडायचं काय हाय गो? सगळ्यांना म्हाईत हाय ता!"

नाताळच्या सकाळी सगळी ताटं आपापल्या घरी गेली. प्रत्येकात उकडलेले करांदे, कडेला मीठ, वर आईने विणलेला रुमाल. खरं तर करांदे नव्हते कुणाच्या परसात? पण एकाही घराने नाक मुरडलं नाही.

दुपारच्या एसटीने बाबा आले. काम मिळालं नव्हतंच. करांदा सोलता सोलता म्हणाले, "आज त्याने भरवलंय ना... उद्याचं उद्या."

काम लागलं ते पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, महाडच्या एका डॉक्टरांकडे. मधले महिने कसे काढले, ते आमचं आम्हाला ठाऊक. पण आई पुन्हा रडलेली मला आठवत नाही.

पुढच्या नाताळला आईने हौसेने लाडू वळले, चिवडा केला. सोनूकाकीने रुमाल उचलून बघितलं आणि तोंड वाकडं केलं, "लाडू हायत... नि करांदं कुटं हायत?" तेव्हापासून आमच्या नाताळच्या ताटात लाडवाशेजारी करांदा असतोच. आई गेली, काकी गेली, पण मी इथे महाडला कुंपणावर वेल राखलाय.

आज हे सगळं आठवायला कारण आहे. मुलाची नोकरी गेलीय, महिनाभर तो माझ्याकडेच आहे. धड जेवत नाही, धड बोलत नाही. मी प्रार्थना करते ती खाली मान घालून ऐकून घेतो, बस्स. आईच्या जिवाला काय होतं, ते सांगायला नको.

काल सकाळी अंगणात उभा होता. म्हणाला, "आई, हा वेल पार वाळलाय गं. उपटून टाकू का?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. प्रभूचे उपकार मानावेत तेवढे थोडेच...

म्हटलं, "थांब बाळा. आधी कुदळ आण."