मिनिटं नकोत, अंश पाठव

तात्यारावांशी वाद घालून जिंकलेला माणूस कसबा पेठेत निदान मी तरी पाहिलेला नाही. माझं दार त्यांच्या दारासमोर, त्यामुळे हरायची संधी मला रोज मिळते. सरकारी नोकरीत त्यांची पस्तीस वर्षं इंग्रजी कायदे मराठीत आणण्यात गेली. एका ‘किंवा’पायी साहेबांशी तीन दिवस अबोला धरला होता, हे ते अजून अभिमानाने सांगतात. मला तो निव्वळ हेकटपणा वाटायचा.

त्यांचा मुलगा राकेश मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला आहे. जहाज कुठे आहे, ते तो रोज दुपारी बाराला फोनवर कळवायचा. तात्याराव शाळेच्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात तिथे पेन्सिलीने ठिपका द्यायचे आणि मगच ताटावर बसायचे. सुरुवातीला राकेश अक्षांश-रेखांशाचे अंश आणि मिनिटं, म्हणजे अंशाचे साठावे भाग, दोन्ही पाठवायचा. ‘मिनिटं नकोत, अंश पाठव,’ असं यांनी त्याला कळवलं. ‘माझ्या नकाशात मिनिटं मावत नाहीत.’ पोरगा बापाच्या शब्दाबाहेर नाही. त्याने मिनिटं पाठवणं बंद केलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी दोन वाजून गेले तरी काही आलं नाही. कांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, वाढलेलं ताट झाकून ठेवलं. बुधवारी कंपनीचा फोन आला. मंगळवारी सकाळी आफ्रिकेच्या बाजूला हत्यारबंद टोळीने जहाज ताब्यात घेतलं होतं. जहाजावर सोळा माणसं होती.

“चाचे! मग आपलं नौदल जाईल की,” मी म्हणालो.

“दत्तप्रसाद, ते चाचे आहेत की नाहीत, हेच ठरायचंय.”

मला संतापच आला. मुलगा बंदुकीसमोर आणि हा गृहस्थ शब्दाचा कीस पाडत बसलाय!

“रागावू नका, ऐका,” ते म्हणाले. “आपल्याकडे तीन-चार वर्षांपूर्वी यावर कायदा झाला. त्यातली चाचेगिरीची व्याख्या आपण मनाने केलेली नाही. राष्ट्रांनी मिळून समुद्राचा करार केला, त्यातून ती घेतलीय. वर आणखी म्हटलंय की आंतरराष्ट्रीय कायदा ज्याला चाचेगिरी मानतो, ते सगळं यात आलं. आता तो कायदा काय म्हणतो? खुल्या समुद्रात घडलं तर चाचेगिरी. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत घडलं तर तो त्या देशातला दरोडा. चाच्याला कुठल्याही देशाचं नौदल धरू शकतं. दरोडेखोराला तिथल्या पोलिसांनी धरायचं.”

“मग धरतील पोलीस.”

“तिथे यादवी चाललीय. पोलीस आहेत कुठे?”



त्या पट्ट्यात जहाजं आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद ठेवतात म्हणे, त्यामुळे कंपनीलाही नेमकी जागा सांगता येईना. जहाजावरच्या माणसांच्या घरच्या मंडळींच्या वतीने पूर्णिमा नावाच्या वकीलबाई नौदल पाठवा म्हणून सरकारकडे अर्ज करणार होत्या. जागेचा काही पुरावा असेल तर द्या, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तात्यारावांनी लगबगीने नकाशा उघडला. सोमवारचा ठिपका होता, शेजारी अंशही लिहिलेले होते. पण एक अंश म्हणजे साठ सागरी मैल. प्रश्न बारा मैलांचा, आणि यांच्या उत्तरात साठ मैल इकडे की तिकडे, याचाच पत्ता नाही.

“मीच त्याला नको म्हणालो,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. अर्जातल्या सगळ्या जागा भरून झाल्या होत्या, घटनास्थळाची तेवढी कोरी होती. आत कांताबाई फोनवरचा राकेशचा आवाज ऐकत होत्या. सोमवारी संध्याकाळी त्याने आईला तो पाठवला होता. दिवसातून वीसदा तरी त्या तो लावत, इतका की आम्हाला तो ऐकू येईनासा झाला होता. ‘आई, इंजिन बिघडलंय. अजून दोन दिवस इथेच नांगर टाकून राहणार. ऐक, किनाऱ्यावरची कुत्री भुंकतायत. अगदी आपल्या गल्लीतल्यासारखी!’

तात्यारावांनी कप खाली ठेवला. “पुन्हा लाव गं.”

कुत्री खरोखरच ऐकू येत होती. “बारा मैलांवरून कुत्रं ऐकू येतं का हो?” तात्यारावांनी मला विचारलं. “दोन मैलांवरून तरी?”

मग त्यांनीच वकीलबाईंना फोन लावला. म्हणाले, समजा जहाज किनाऱ्यालगत होतं, तर? त्या म्हणाल्या, तर चाचेगिरी म्हणता येणार नाही. तिथल्या सरकारची परवानगी मागावी लागेल, आणि ती कधी मिळेल हे कुणीच सांगू शकत नाही.

“मग सांगूच नका,” मी म्हणालो. मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. “खुल्या समुद्रात असं लिहा. कुत्र्यांचं कुणी विचारलंय?”

तात्यारावांनी माझ्याशी वाद घातला नाही. पेन उचलून ते त्या कोऱ्या जागेवर नेलं. माझं ऐकून ते खोटं लिहायला निघालेत हे पाहून मी खरा घाबरलो.

कांताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “काय चाललंय?” तात्यारावांनी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता.

“म्हणजे त्याला लांब समुद्रात दाखवायचं?”

“तरच नौदल जाईल.”

“जाईल हो. पण तो नाही तिथं जाईल.” त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. “चाचे का दरोडेखोर ते तुमचं तुम्ही बघा. माझा राकेश ती कुत्री भुंकतात तिथं आहे. तिथंच शोधा म्हणावं त्यांना.”

तात्यारावांनी कोऱ्या जागेत ‘किनाऱ्यालगत, नांगरावर’ असं लिहिलं. त्यांचं अक्षर इतकं वाईट मी कधी पाहिलं नव्हतं. वकीलबाईंना तो आवाज पाठवायचा म्हणून त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

कांताबाईंनी फोन छातीशी धरला. “पाठवलं की इथून जातं का हो ते?”

“नाही. इथंच राहतं.”

“नक्की?”

पुस्तकात बघितल्याशिवाय ज्यांनी कधी कुठल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, ते तात्याराव लगेच म्हणाले, “नक्की.”

तरी कांताबाईंनी तो आवाज आणखी एकदा लावला, शेवटपर्यंत ऐकला, आणि मग फोन दिला.