रिकाम्या सीटचा विमा

धुकं पहाटेपासून असं ठाण मांडून बसलं होतं, की पन्नास पावलांपुढची धावपट्टीही दिसेना. विमेवाल्या ताईंनी खोलीचं कुलूप काढलं, खिडकीची काच जुन्या बनियनने पुसली, मंद शेगडीवर चहाचं पातेलं ठेवलं आणि खालच्या खणातून घड्याळजींची फाइल काढली. हँगरला चिकटून असलेल्या या एका खोलीत वरच्या खणांत दुकानं-स्कूटरींचे विमे, खालच्या खणात धावपट्टीवरच्या अकरा खासगी विमानांचे.

विम्यासाठी पहिलं विमान आलं तेव्हा ताईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्कूटरसारखंच असणार, असं धरून त्यांनी एका औषध दुकानदाराची सही घेतली. सहा महिन्यांत त्याच्या मेव्हण्याने विमान उडवलं आणि उतरताना पंख कुंपणाला घासला. मेव्हण्याकडे परवाना होता, पण पॉलिसीत वैमानिक म्हणून नाव एकट्या दुकानदाराचं. कंपनीने हात वर केले. दुकानदार भांडला नाही, नुसता समोरच्या खुर्चीत बसून राहिला. ते बसणं ताईंच्या जिवाला लागलं.

तेव्हापासून त्यांची रीत ठरली. मालकाला विमानापाशी उभं करायचं, पंखावर हात ठेवायचा आणि ‘काय भरून मिळणार नाही’ ते पान आधी मोठ्याने वाचायचं. लोक चेष्टा करत, “ताई, विमा उतरवताय की लग्न लावताय?”

“लग्नात हे पान वाचत असते, तर निम्मी लग्नं झाली नसती,” ताई म्हणत.

आज घड्याळजींची पाळी. गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारा हा सत्तरीचा माणूस. आयुष्यभर एकच चैन केली, चार सीटचं जुनं पांढरं विमान. आज सोबत त्यांची बायको, काकूही होत्या. एकोणीस वर्षं काकू कुंपणापाशी उभ्या राहून हात हलवत आल्या. विमानात पाऊल टाकलं नाही. पुढच्या आठवड्यात गुडघ्यांचं ऑपरेशन. परवा त्याच म्हणाल्या होत्या, “त्याआधी एकदा वर नेऊन आणा. नंतर काही माझा पाय त्या पायरीवर चढायचा नाही.”

विमानापाशी उभं राहून ताई वाचू लागल्या. “वैमानिकाकडे तब्येतीचा चालू दाखला नसेल, तर काहीही मिळणार नाही. काका, नवा दाखला द्या.”

घड्याळजींनी सगळे खिसे चाचपले. “घरी राहिला वाटतं.”

“घरी नाही,” काकू म्हणाल्या. “कपाट मी आवरते.”

घड्याळजी विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्याकडे बघत राहिले. “डाव्या डोळ्याने दगा दिला. नापास केलं मला. नऊ दिवस झाले.” मग हलक्या आवाजात, “एकच चक्कर, पोरी. वर कोण विचारतंय?”

“वर कोणी नाही विचारत, काका. खाली आल्यावर विचारतात.”

खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ याच माणसाने चारदा दुरुस्त केलेलं, एकदाही पैसे न घेता. डोळेझाक करावी असं क्षणभर वाटलंही. पण त्यांना ती समोरची खुर्ची आठवली. त्या पुढची ओळ वाचू लागल्या. “प्रवासी सीट, एक. विमा चालू.”

“प्रवासी?” काकूंनी विचारलं. “यांच्यासोबत तर कोणी जात नाही.”

“मी दर वर्षी सांगते, पॉलिसीतून ही सीट काढून टाका, फुकटचा हप्ता जातो. दर वर्षी म्हणतात, राहू दे, बसेल कधीतरी. एकोणीस वर्षं झाली.”

काकू पदराने उगाच पंखावरचं दव पुसत राहिल्या.

“काका, ऐका,” ताई म्हणाल्या. “उड्डाण शिकवणाऱ्या मास्तरीणबाई आत हँगरमध्ये आहेत. वैमानिक म्हणून त्यांचं नाव घालते, तुमच्यासाठी आणखी एक सीट वाढवते. तुम्ही दोघं मागे बसा.”

“माझ्याच विमानात मी मागे? गाठोड्यासारखा?”

“बसा की,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं मी का नाही आले, विचारलंत कधी? म्हटलं, भीती वाटली तर हात कुणाचा धरू? तुमचे दोन्ही हात कामात.”

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बोलाव तुझ्या मास्तरीणबाईंना.”

ताईंनी मास्तरीणबाईंचे कागद तपासून तिथूनच मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. “तोंडी नको, लेखी द्या. ते आल्याशिवाय इथे पंखा फिरणार नाही.” लेखी यायला तासभर लागला. तोवर धुकं विरलं आणि मास्तरीणबाईंनी इंजिनापासून चाकांपर्यंत सगळं पाहून घेतलं. काकूंना पायरीवर चढवताना घड्याळजी खालून आधार देत होते आणि काकू ओरडत होत्या, “ढकलू नका हो, घड्याळ आहे का मी?”

विमान धावलं, उचललं गेलं. ताई कुंपणापाशी, काकूंच्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. वरून दिसेल न दिसेल, त्यांनी हात हलवला.

मग जळका वास आला. शेगडीवर विसरलेल्या चहाचा कोळसा झाला होता. ताईंनी शेगडी विझवली, पातेलं नळाखाली धरलं आणि घासणीने बूड खरवडायला घेतलं.